आमची नोंदवही कोण उघडणार?

पदवी परीक्षांचे निकाल लागले की आमच्या धर्मग्राम कार्यालयात शिफारसपत्रांसाठी वर्दळ सुरू होते. कुणाला व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम करायचा असतो, कुणाला परिचारिकेचे शिक्षण घ्यायचे असते, कुणी थेट कॅनडाची वाट धरलेली असते. ही पत्रे आम्ही आनंदाने लिहितो. काही वर्षांपूर्वी मात्र एक मुलगी आपल्या आईबरोबर आली आणि म्हणाली, "फादर, मला समाजशास्त्रात एम. ए. करायचे आहे." तिचे वाक्य पुरे होण्याआधीच आई म्हणाली, "फादर, आता तुम्हीच हिला समजावा. पहिल्या वर्गात पास झाली, बँकेच्या परीक्षेला बसायचे सोडून हे काय भलतेच! समाज तर आम्ही रोजच बघतो. त्याचे शास्त्र ते काय शिकायचे?"

आम्ही आईची बाजू घेतली. आज हे लिहिताना संकोच वाटतो, पण वाचकांपासून लपवण्यात अर्थ नाही. मुलीने आमचे ऐकले नाही, ही तिची नव्हे, आमचीच पुण्याई म्हटली पाहिजे.

अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षी तिला लघुप्रबंध लिहायचा होता. विषय होता आपल्याच धर्मग्रामातील विवाह : वधूवरांची वये, त्यांची गावे, व्यवसाय, आणि कोणत्या समाजातल्या मुलीने कोणत्या समाजातल्या मुलाशी लग्न केले. तिने विवाहनोंदवह्या पाहण्याची परवानगी मागितली. आम्ही नकार दिला आणि धर्मसंहितेचे ५३५ वे कलम पुढे केले. नोंदवह्या परक्या हाती पडू नयेत याची काळजी धर्मगुरूने घ्यावी, असे ते कलम सांगते. कलम खरे होते. आमचे कारण खरे नव्हते. त्या वह्यांतून काय निघेल याची आम्हांला कल्पना होती, आणि ते कागदावर येऊन कुणाच्या हाती पडावे अशी आमची इच्छा नव्हती. शिवाय जिला आम्ही परकी ठरवले, तिच्या स्नानसंस्काराची नोंद त्याच कपाटातल्या वहीत होती.

तीन आठवड्यांनी ती पुन्हा आली. बरोबर मार्गदर्शक प्राध्यापिकेचे पत्र आणि एक आखलेला तक्ता होता. त्या तक्त्यात नावाचा रकानाच नव्हता. "फादर, नावे मला नकोतच. वही तुमच्याच हातात राहू द्या. तुम्ही वाचून सांगा, मी वर्ष, वय, गाव आणि व्यवसाय एवढेच उतरवून घेते." आता नकाराला सबब उरली नाही. पुढचे कित्येक शनिवार दुपारी आम्ही वाचत गेलो आणि ती लिहीत गेली.

आमच्या वसईत आडनावावरून समाज ओळखता येत नाही. पोर्तुगीज अमदानीतील आडनावे सर्वांना सारखीच मिळाली. परंतु गावाचे नाव उच्चारले की वसईकराला समाज कळतो. वर्षामागून वर्ष वाचताना आमचाच आवाज आम्हांला ऐकू येऊ लागला : सामवेदी मुलगी सामवेदी घरात, वाडवळ मुलगी वाडवळ घरात, कोळी मुलगी कोळीवाड्यात. एकाच वेदीसमोर गुडघे टेकणारे, एकाच भाकरीचे भागीदार असलेले आम्ही सोयरीक करताना जुन्या कुंपणाबाहेर क्वचितच गेलो होतो. अलीकडच्या पानांवर मात्र कुंपण मोडल्याच्या नोंदी दिसू लागल्या. आणि तशा जोडप्यांत दोघेही मुंबईत नोकरीला जाणारे असल्याचे वारंवार आढळू लागले. आम्ही थट्टेने म्हटले, "म्हणजे जे आमच्या इतक्या वर्षांच्या प्रवचनांनी साधले नाही, ते विरार लोकलने साधले!" ती हसली नाही. म्हणाली, "फादर, एवढ्या नोंदींवरून तसे म्हणता येणार नाही. नोकरी हेच कारण आहे की शिक्षण, की बदललेले वय, हे वेगवेगळे करून तपासावे लागेल."

त्या क्षणी आम्हांला समजले की दोन वर्षांत ही मुलगी काय शिकली. जे पाहिले तेवढेच म्हणायचे, जे तपासले नाही ते म्हणायचे नाही, आणि स्वतःला आवडणाऱ्या उत्तरावर सर्वांत आधी संशय घ्यायचा. गुरुविद्यालयात आम्ही तत्त्वज्ञान शिकलो, ईशज्ञान शिकलो. पण आपल्याच माणसांविषयी बोलताना जिभेला लगाम घालण्याची ही शिस्त आमच्या अंगी क्वचितच आली. "तरुण पिढी चर्चपासून दुरावली", "हल्ली घराघरांत रोझरी होत नाही", "परप्रांतीयांमुळे संस्कार बिघडले" अशी विधाने आम्ही वेदीवरून बेधडक करतो. कुणी विचारले, "फादर, मोजले का?" तर आमच्याजवळ उत्तर नसते.

ही विद्या परदेशातून आलेले खूळ आहे, असे काही जण मानतात. तिचा इतिहास पाहावा. भारतातील समाजशास्त्राचा पहिला विद्यापीठीय विभाग मुंबई विद्यापीठात १९१९ साली निघाला. त्याचे पहिले प्रमुख पॅट्रिक गेडिस हे स्कॉटिश गृहस्थ मुळात जीवशास्त्रज्ञ, आणि नगररचनाकार म्हणून ख्यातनाम. आधी पाहणी, मग आराखडा, हा त्यांचा आग्रह होता; ठिकाण, काम आणि माणसे या तीन गोष्टी एकत्र पाहिल्याशिवाय गाव कळत नाही, असे ते मानीत. ही दृष्टी त्यांनी ल प्ले या फ्रेंच खाण-अभियंत्याकडून घेतली. त्याने युरोपातील कामगार कुटुंबांच्या घरखर्चाचे बारीक हिशेब मांडून १८५५ साली मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला होता. गेडिसांनंतर १९२४ मध्ये विभागाची धुरा आली गोविंद सदाशिव घुर्ये यांच्याकडे. मालवणात जन्मलेले, संस्कृतात मुरलेले हे कोकणी गृहस्थ पस्तीस वर्षे त्या पदावर राहिले. इरावती कर्वे, एम. एन. श्रीनिवास, अ. र. देसाई ही सारी त्यांच्या हाताखाली शिकलेली माणसे. आमच्या घरापासून लोकलने दीड-दोन तासांच्या अंतरावर ही परंपरा शंभर वर्षांहून अधिक काळ उभी आहे. आणि आमच्या घरांतून तिकडे कितीजण गेले ते एका हाताच्या बोटांवर मोजावे!

आता आक्षेपांचा विचार करू.

पहिला आक्षेप पोटाचा. तो खोटा नाही आणि आम्ही तो झटकून टाकणार नाही. प्राध्यापक होण्यासाठी एम. ए. नंतर नेट किंवा सेट परीक्षा उत्तीर्ण व्हावे लागते, आणि त्यानंतरही कायम जागा मिळेलच असे नाही. तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे राबणारे कितीतरी सुशिक्षित तरुण आम्ही पाहतो. जो कोणी या पदवीला सोन्याची खाण म्हणेल तो पालकांची फसवणूक करील. पण वाटा अगदीच बंद आहेत असेही नाही. आरोग्यविषयक संशोधन, सर्वेक्षण संस्था, स्वयंसेवी संस्था, पत्रकारिता या क्षेत्रांत या शिक्षणाचा उपयोग होतो. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत समाजशास्त्र हा वैकल्पिक विषय आहे. त्याहून महत्त्वाचा मुद्दा असा : आम्ही मुलांचे शिक्षण केवळ पगाराच्या तराजूत तोलत असू, तर धर्मगुरू आणि धर्मभगिनी होण्यासाठी आम्ही घरोघरी आवाहन तरी कोणत्या तोंडाने करतो? काही माणसे समाजाच्या गरजेसाठी वाढवावी लागतात, आणि त्यांचा भार समाजाने उचलावा लागतो.

दुसरा आक्षेप असा की हा सोपा विषय आहे. ज्यांना दुसरीकडे प्रवेश मिळत नाही ते तिकडे वळतात. या आक्षेपाला थोडा आधार आम्हीच पुरवला आहे. गाईड वाचून, आदल्या रात्री नोट्स पाठ करून हीच पदवी मिळवणारे विद्यार्थी आहेत आणि त्यांना तसे करू देणारी महाविद्यालयेही आहेत. नावापुढे दोन अक्षरे लावण्यासाठी किंवा लग्न ठरेपर्यंत वेळ काढण्यासाठी कुणी हा विषय घेत असेल, तर त्याने किंवा तिने तो घेऊ नये, असे आम्ही स्पष्ट सांगतो. परंतु मार्क्स, दुर्खाइम आणि वेबर समजून घेणे, नमुना कसा निवडावा, उत्तर सुचवणार नाही असा प्रश्न कसा विचारावा हे शिकणे, आणि मग उन्हातान्हात दारोदार जाऊन अनोळखी माणसाचा विश्वास संपादन करणे, याला जो सोपे म्हणतो त्याने एकदा दहा घरांत जाऊन पाहावे. समाजकार्य आणि समाजशास्त्र यांचीही आपल्याकडे नेहमी गल्लत होते. पडलेल्याला हात देणे हे समाजकार्य. या वळणावर माणसे का पडतात याचा शोध घेणे हे समाजशास्त्र. आमच्या समाजाने पहिल्या कामात कधी कुचराई केली नाही. दुसरे काम आम्ही सुरूच केलेले नाही.

तिसरा आक्षेप श्रद्धेचा. समाजशास्त्र शिकून मुले देव मानीनाशी होतात, असे आमचे काही धर्मबंधूसुद्धा म्हणतात. ज्या ऑगस्त कोंतने या शास्त्राला नाव दिले, त्याने पुढे स्वतःचाच एक मानवधर्म काढला हे खरे, आणि मार्क्सचे धर्माविषयीचे मतही सर्वश्रुत आहे. तथापि शास्त्राचा प्रश्न देव आहे की नाही हा नसतो. देवाला मानणारी माणसे एकमेकांशी कशी वागतात, हा असतो. दुर्खाइमने १८९७ साली आत्महत्येवर ग्रंथ लिहिला. प्रॉटेस्टंटांपेक्षा कॅथलिकांत आत्महत्या कमी होतात, असे त्याला आकडेवारीत दिसले. हे वाचून आमची छाती फुगेल. पण त्याचे स्पष्टीकरण आधी ऐकावे. आत्महत्येला दोन्ही पंथ पापच मानतात, तेव्हा फरक शिकवणुकीचा नव्हे. माणसाला माणसाशी बांधून ठेवणाऱ्या सामूहिक जीवनाचा आहे, असे तो म्हणाला. पुढील अभ्यासकांनी त्याच्या आकड्यांवरही आक्षेप घेतले. कॅथलिक मुलखांत लोकलज्जेमुळे अशा मृत्यूंची नोंद वेगळी होत असावी, असे त्यांनी दाखवून दिले. आम्हांला यात दोन धडे दिसतात. बांधिलकी सैल झाली तर केवळ नावाचा कॅथलिकपणा कुणाला वाचवणार नाही. आणि आपल्या बाजूने आलेला आकडासुद्धा तपासून घ्यावा.

ख्रिस्तसभेचे मत काय, हेही पाहू. कामगारांची दैना पाहून पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली आपले प्रसिद्ध परिपत्रक काढले, ते समाजाच्या स्थितीकडे डोळे उघडून पाहिल्याशिवाय लिहिलेच गेले नसते. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ च्या आपल्या आधुनिक जगाविषयीच्या दस्तऐवजात तर स्पष्ट सांगितले, की मेंढपाळाच्या कार्यात ईशज्ञानाच्या तत्त्वांबरोबरच मानसशास्त्र आणि समाजशास्त्र यांच्या निष्कर्षांचाही पुरेसा उपयोग करून घ्यावा. त्याला साठ वर्षे उलटली. परिषदेची आज्ञा आम्ही मराठी मिस्सेपुरती आनंदाने पाळली, या बाबतीत मात्र कपाटात ठेवली.

चौथा आक्षेप उघडपणे मांडला जात नाही. पण सर्वांत बळकट तोच. घरातले चार भिंतींच्या आत राहावे. जात, हुंडा, दारू, भाऊबंदकी, जमिनीचे व्यवहार याविषयी आपल्याच मुलांनी लिहिले तर लोक काय म्हणतील? आमचा पहिला नकार याच भीतीतून आला होता, म्हणून या भीतीविषयी बोलण्याचा थोडा अधिकार आम्हांला आहे. येथे दोन उदाहरणे सांगतो. १९४३ साली हेन्री गोदँ आणि इव्हान दानिएल या दोन फ्रेंच धर्मगुरूंनी पॅरिसच्या कामगार वस्त्यांची पाहणी करून एक पुस्तक लिहिले. शतकानुशतके कॅथलिक म्हणवणारा फ्रान्स देश या वस्त्यांपुरता पुन्हा मिशनभूमी झाला आहे, असा त्यांचा रोखठोक निष्कर्ष होता. पॅरिसचे आर्चबिशप कार्डिनल सुहार यांना त्याचा धक्का बसला. पण त्यांनी पुस्तक दडपले नाही. त्यांनी त्याच वर्षी कामगारांमध्ये जाऊन राहणाऱ्या धर्मगुरूंचे नवे मिशन उभारले.

दुसरे उदाहरण याच्या उलट आहे. अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरात जोसेफ फिश्टर या येशूसंघीय समाजशास्त्रज्ञाने आपल्या विद्यार्थ्यांसह एका धर्मग्रामाचा वर्षभर अभ्यास केला. स्नानसंस्कार झालेल्यांपैकी खरोखर उपासनेला येणारे किती, देवळातील शिकवण आणि घरातील वागणूक यांत अंतर किती, हे त्याने टिपले. चार खंड व्हायचे होते. पहिला १९५१ साली निघाला आणि त्या धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूंनी कडाडून हरकत घेतली. उरलेले तीन खंड प्रसिद्ध झालेच नाहीत. त्या धर्मगुरूंची मनःस्थिती आम्हांला समजते. आम्ही त्याच खुर्चीवर बसतो. पण पुस्तक छापले नाही म्हणून त्या धर्मग्रामातील एकही माणूस मिस्सेला परत आला नसेल. रोग्याने तपासणीचा कागद फाडला म्हणून ताप उतरत नाही.

हा वाद पांडित्याचा आहे, असे कुणाला वाटू नये. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदू धर्मीयांपुरत्या ठेवल्या. १९५६ साली शिखांचा आणि १९९० साली बौद्धांचा त्यांत समावेश झाला. दलित ख्रिस्ती अजून बाहेरच आहेत. धर्मांतरानंतरही दलितांच्या वाट्याला अस्पृश्यता येते काय, हा त्यातला कळीचा प्रश्न. २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली या विषयावर आयोग नेमला गेला. अशा आयोगापुढे भावनेने भरलेली निवेदने पुरत नाहीत. कोणत्या गावात, कोणत्या दफनभूमीत, कोणत्या लग्नात काय घडले, याची शिस्तीने जमवलेली माहिती लागते. ती जमवणारी किती मुले आम्ही तयार केली? मोर्चाला आम्ही हजारोंनी जमतो, पण मोर्चानंतर लागणारा कागद लिहायला माणूस सापडत नाही.

आणि आमची वसई? १९८८ नंतर येथील जमीन इमारतींसाठी खुली झाली, हरित वसईचे आंदोलन उभे राहिले, २००९ साली महानगरपालिका आली. केळीच्या बागांच्या जागी मजले चढले, विहिरींचे पाणी मचूळ झाले, वाडीतल्या घरातील मुले परदेशी गेली आणि म्हातारी माणसे कुलपांची राखण करीत राहिली. एवढी उलथापालथ एका पिढीत घडली. तिच्याविषयी आमच्याजवळ आठवणी आहेत, कविता आहेत, सणावारी गायची गाणी आहेत. परंतु जमीन विकून आलेला पैसा कुठे गेला, तो घरातल्या बहिणींना मिळाला काय, एकट्या राहणाऱ्या वृद्धांची दुखणीखुपणी कोण पाहते, याचा शास्त्रशुद्ध अभ्यास आमच्यापैकी कितीजणांनी केला? आम्ही केला नाही तर बाहेरचा कुणी चार दिवस येऊन करील, त्याला जे दिसेल ते लिहील, आणि मग आम्ही निषेधाची पत्रे पाठवीत बसू.

म्हणून आमचे मागणे थोडके आणि नेमके आहे. सणाच्या मांडवावर, बँडवर आणि फटाक्यांवर होणाऱ्या खर्चातून प्रत्येक धर्मग्रामाने काही रक्कम बाजूला काढावी आणि दर दोन वर्षांनी एका मुलाला किंवा मुलीला या शिक्षणासाठी आधार द्यावा. धर्मगुरूंनी नावे गुप्त ठेवून, स्वतः समोर बसून, वरिष्ठांच्या अनुमतीने नोंदवह्यांतील माहिती अभ्यासकांना द्यावी. अभ्यासकांकडूनही एक वचन घ्यावे : प्रबंध विद्यापीठाच्या फळीवर जाण्याआधी त्याचा सारांश मराठीतून धर्मग्रामाच्या सभागृहात वाचला जाईल. ज्यांची माहिती घेतली त्यांना ती परत मिळालीच पाहिजे. नाहीतर तीही एक प्रकारची लूटच.

दावीद राजाने शिरगणती केली आणि देवाचा कोप झाला, याची आठवण काही भाविक आम्हांला करून देतील. दाविदाने आपले सैन्यबळ मिरवण्यासाठी गणती केली होती. त्याच जुन्या करारात मोशेने बारा माणसे कनान देश पाहायला पाठवल्याची कथा आहे. त्याने त्यांना काय विचारून पाठवले ते वाचकांनी गणना या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात जरूर पाहावे : तेथील लोक थोडे आहेत की पुष्कळ, सबळ आहेत की दुर्बळ, ते छावण्यांत राहतात की तटबंदीच्या गावांत, जमीन सुपीक आहे की नापीक. परमेश्वराने वचन दिलेल्या भूमीचीसुद्धा मोशेने आधी पाहणी करवली. आमच्यापुढे असलेली भूमी तर कुणी वचन दिलेली नाही. ती पायाखालीच बदलली आहे.

त्या मुलीचा लघुप्रबंध पुरा झाला. आज ती एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते आणि मिळकत आईला अजूनही पटलेली नाही. प्रबंधाची एक प्रत आमच्या कार्यालयात आहे. विवाहपूर्व शिबिरात सोयरिकीविषयी बोलण्याआधी आम्ही ती चाळतो, आणि पूर्वीपेक्षा कमी पण तपासलेले बोलतो. येत्या जूनमध्ये एखादी मुलगी पुन्हा आईबरोबर आमच्या दारात आली आणि आईने म्हटले, "फादर, हिला समजावा," तर या खेपेस आम्ही आईलाच समजावू.